लाझारुस फॉन श्वेंडी आणि द्राक्षाचा घड

फ्रान्समधल्या कोलमार गावी जुन्या जकातघराच्या चौकात एक पुतळा आहे. चिलखत घातलेला सरदार, उंच धरलेल्या हातात द्राक्षं. अमेरिकेतला स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा घडवणाऱ्या बार्थोल्दीचंच हे काम, १८९८ सालचं. लोक फोटो काढतात. गाइड सांगतो, या श्वेंडीनं हंगेरीतल्या तोकाईहून द्राक्षाची कलमं इथे आणली.

ही दंतकथा आहे. इथलं 'तोके' द्राक्ष म्हणजे पिनो ग्री, त्याचं मूळ बर्गंडीत. २००७ पासून बाटलीवर 'तोके' लिहायलाही बंदी आहे. पण श्वेंडीच्या वाट्याला तेवढाच घड उरला, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

१५२२ साली दक्षिण जर्मनीतल्या श्वाबियात एका सरदाराच्या पोटी, लग्नाबाहेर जन्मलेला हा मुलगा. पुढे पवित्र रोमन साम्राज्याच्या, म्हणजे तेव्हाच्या जर्मन संस्थानांवरच्या साम्राज्याच्या, बादशहाच्या हुकमानं तो औरस ठरला. बाझेल आणि स्ट्रासबुर्गला शिकला आणि बादशहा पाचव्या कार्लच्या चाकरीत शिरला. १५४८ मध्ये त्यानं फ्रान्सच्या राजासाठी सैन्य उभारणाऱ्या फोगेल्सबेर्गर नावाच्या जर्मन सेनानायकाला पकडून दिलं. आउग्सबुर्गला त्याचा शिरच्छेद झाला. दग्याचा आरोप श्वेंडीवर आला, आणि तो खोडायला त्याला स्वतःची बाजू छापावी लागली. त्याची बाजू घेताना हे मी लपवणार नाही.

पुढे नेदरलँड्समध्ये स्पेनच्या बाजूनं लढताना एग्मोंट आणि ऑरेंजचा विल्यम या तिथल्या बड्या सरदारांशी त्याचं सख्य जमलं. १५६५ मध्ये हंगेरीच्या आघाडीवर त्यानं तोकाईचा किल्ला घेतला. तिकडे स्पेनच्या राजानं बंडखोर प्रोटेस्टंटांना चिरडायला आल्बाचा ड्यूक या आपल्या सेनापतीला नेदरलँड्सवर सोडलं, आणि १५६८ च्या जूनमध्ये ब्रसेल्सच्या चौकात एग्मोंटचं डोकं उडवलं गेलं. स्पेनला मोठे विजय मिळवून देणारा, शेवटपर्यंत कॅथलिक राहिलेला माणूस!

माझ्या मते श्वेंडीची खरी कामगिरी यानंतरची आहे, आणि ती कागदावर आहे. १५७० मध्ये श्पायर शहरात भरलेल्या साम्राज्यसभेसाठी, म्हणजे साम्राज्यातल्या राजेरजवाड्यांच्या सभेसाठी, त्यानं लष्करी सुधारणांची योजना मांडली: परक्या राजांनी जर्मन मुलखात मनमानी सैन्यभरती करू नये, लष्कराची सूत्रं बादशहाच्या हाती असावीत. सैनिकांच्या शिस्तीचे नियम मंजूर झाले. बाकीचं राजेरजवाड्यांनी हाणून पाडलं, कारण त्यात त्यांचे हक्क जात होते.

१५७४ मध्ये त्यानं तेव्हाचा बादशहा दुसऱ्या मॅक्सिमिलियनला सविस्तर टिपण लिहून दिलं. दोन वर्षांपूर्वीच पॅरिसमध्ये प्रोटेस्टंटांची कत्तल झाली होती. श्वेंडीचं म्हणणं स्पष्ट होतं: धर्म जबरदस्तीनं लादता येत नाही, कॅथलिक आणि प्रोटेस्टंट दोन्ही पंथांना नांदू द्या, नाहीतर साम्राज्य फुटेल. हे कुणा मठातल्या संतानं नव्हे, उभा जन्म तलवार चालवलेल्या आणि बळजबरीचा शेवट कुठे होतो ते पाहिलेल्या माणसानं लिहिलं. स्वतः कॅथलिक असून लिहिलं. म्हणून मला ते इतकं मोलाचं वाटतं.

मॅक्सिमिलियन १५७६ मध्ये गेला, श्वेंडी १५८३ मध्ये. त्यानंतर पस्तीस वर्षांनी पंथाच्या भांडणातूनच तीस वर्षांचं युद्ध पेटलं. कोलमारजवळच्या टेकडीवरचा होलांड्सबेर्ग किल्ला श्वेंडीनं १५६३ मध्ये विकत घेतला होता. त्या युद्धात, १६३७ साली, फ्रेंचांनी तो उद्ध्वस्त केला.