डाल्टन परवडला, ड्रॅम आवरा!

अणूचं माप जुन्या औषधी मापात बसवायचं म्हटलं की लोक घातांकाला घाबरतात. मी नाही. अणूच्या वजनाचं एकक डाल्टन, बिचारा सरळमार्गी: कार्बन-१२ च्या अणूच्या वजनाचा बारावा हिस्सा. ग्रॅमला ६.०२२१४ गुणिले १० चा २३ वा घात एवढ्याने गुणलं की डाल्टन हातात. माझा जीव अडकतो तो इंग्रज औषधवाल्याच्या तागडीत.

तिथे २० ग्रेनचा स्क्रुपल, ३ स्क्रुपलचा ड्रॅम, ८ ड्रॅमचा औंस आणि १२ औंसांचा पौंड. किराणा पौंड मात्र १६ औंसांचा. बरं, औंस तरी एकच? औषधी औंस ४८० ग्रेन, किराणा ४३७.५. म्हणजे औषधवाल्याचा औंस जड आणि पौंड हलका: ५७६० ग्रेन, समोर ७०००. त्यात जुन्या चिठ्ठीवर ड्रॅमची खूण ३ सारखी, औंसाचीही तीच, फक्त डोक्यावर एक जादा रेघ. ती रेघ पुसट झाली की हिशेब आठपट चुकला.

या खानदानात इमानी एकटा ग्रेन. दोन्ही तागड्यांत ६४.७९८९१ मिलिग्रॅम, तंतोतंत. म्हणून आधी सगळ्याचे ग्रेन करावेत, मग ग्रॅम, मग डाल्टन. स्क्रुपल म्हणजे १.२९५९७८२ ग्रॅम, म्हणजे ७.८०४६ गुणिले १० चा २३ वा घात डाल्टन. संपलं. आपली गुंजही याच वाटेने जाते: कंपनी सरकारने १८३३ साली तोळा १८० ग्रेनचा ठरवला, तोळ्याच्या गुंजा ९६, तेव्हा गुंज भरते १.८७५ ग्रेन.

एक्सेलमध्ये किलोग्रॅमचा रकाना दोन दशांशांवर ठेवू नका. प्रोटॉनचं वजन ०.०० दिसतं. आत आकडा शाबूत असतो, पण कुणीतरी नीटनेटकेपणाच्या हौसेने ‘राउंड’ लावतो आणि मग शून्याने भागल्याची बोंब. भौतिकीवाल्यांची तऱ्हा आणखी वेगळी. वजन विचारावं तर भाव सांगतात: इलेक्ट्रॉन ०.५११ एमईव्ही (दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट, म्हणजे ऊर्जेचं माप)! ९३१.४९४ ने भागा, डाल्टन मिळतील.

एवढं करून उत्तर दहा दशांशांपर्यंत देणाऱ्याला मी ॲस्पिरिनची अमेरिकी गोळी दाखवतो. जुनी मात्रा ५ ग्रेन, म्हणजे ३२४ मिलिग्रॅमला किंचित कमी. डबीवर छापतात ३२५. त्या वरच्या एका मिलिग्रॅमात सुमारे ६ गुणिले १० चा २० वा घात इतके डाल्टन गेले. सुटे नाहीत, राहू द्या.