सेकंड शिफ्टवाल्याला पहाटे चारचा गजर लावायला सांगू नका

‘कामाचा वेग दुप्पट करणाऱ्या सवयी’ हा मेसेज तुमच्याकडेही आलाच असेल. वर उगवत्या सूर्याचा फोटो आणि खाली मुद्दे: रोज पहाटे चारला ब्रह्ममुहूर्तावर उठा. चार-पाच तास झोप पुरते, शरीराला सवय होते. एडिसन चारच तास झोपायचा. कोणतीही सवय 21 दिवसांत लागते. एका वेळी दोन-तीन कामं हातात घ्या. फोन लांब ठेवा.

आमच्या फॅमिली ग्रुपवर तो कितीदा तरी येऊन गेला, मी कधी काही बोलले नाही. आता बोलतेय, कारण भाच्याच्या सुपरवायझरनं तो लाईनच्या ग्रुपवर टाकला आणि पोरानं मनावर घेतला. भाचा चाकणला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. सेकंड शिफ्ट रात्री साडेअकराला सुटते. कंपनीची बस, मग स्टॉपपासून बाईक, घरी पोचेपर्यंत साडेबारा. जेवून अंथरुणाला पाठ टेकते ती एकला. आणि चारला गजर! उठून काय, तर ऑनलाईन कोर्सचे व्हिडिओ. ताईनं फोन करून सांगितलं, ‘अगं, ताटावर बसल्या बसल्या डोळे मिटतो.’ मेसेज पाठवणाऱ्यांनी हे वाचावं म्हणून लिहितेय.

सगळ्यात घातक वाक्य आहे ‘शरीराला सवय होते’. बाकीचे मुद्दे चूक असले तरी त्यांनी फार तर वेळ जाईल. या वाक्यानं माणूस जाऊ शकतो.

शरीराला खरंच सवय होते का, हे प्रयोगशाळेत तपासून झालंय. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या व्हॅन डॉन्जेन, डिंजेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2003 साली तो अभ्यास प्रसिद्ध केला. 48 निरोगी प्रौढ माणसं घेतली. काहींना 14 दिवस रोज आठ तास झोपायला दिले, काहींना सहा, काहींना चार. आणखी एका गटाला तीन रात्री सलग जागं ठेवलं. दिवसभर थोड्या थोड्या वेळानं चाचण्या घेतल्या. त्यातली मुख्य चाचणी अगदी साधी: पडद्यावर खूण दिसली की लगेच बटण दाबायचं. सहा तास किंवा त्याहून कमी झोपलेल्यांची कामगिरी दिवसागणिक घसरत गेली. 14 दिवसांच्या शेवटी ते एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसाच्या पातळीला येऊन ठेपले होते.

पण खरी भीती पुढे आहे. याच लोकांना रोज विचारलं जायचं की झोप किती येतेय. पहिले काही दिवस ते म्हणाले, येतेय. नंतर त्यांच्या उत्तरात फारशी वाढच झाली नाही. चाचणीत चुका वाढत होत्या आणि त्यांना वाटत होतं, आता जमतंय. म्हणजे सवय झाली ती थकव्याची जाणीव न होण्याची. भाचा मला नेमकं हेच म्हणाला, ‘मावशी, पहिला आठवडा जड गेला, आता काही वाटत नाही.’

त्याचं काम काय, ते बघा. मशीनवरून आलेला जॉब, म्हणजे तयार पार्ट, उचलायचा, मायक्रोमीटर हे बारीक माप घ्यायचं साधन लावायचं, रीडिंग बघायचं, शीटवर लिहायचं, पुढचा जॉब. शेवटच्या दोन तासांत हे यांत्रिक होतं. 24.98 दिसतं आणि हात 24.89 लिहितो. पार्टच्या ड्रॉइंगवर फरकाची मर्यादा आहे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाची, त्यामुळे चांगला जॉब रिजेक्ट होतो. उलट झालं तर त्याहून वाईट, खराब जॉब पुढे जातो आणि कुणाच्या तरी गाडीत बसतो. प्रयोगशाळेतल्या त्या बटणाच्या चाचणीत मोजली जाते तीच सावधगिरी या कामात लागते. कामाचा वेग दुप्पट करायला निघालेल्या मेसेजनं इथं कामच बिघडवलं.

आणि बाईक? ऑस्ट्रेलियात विल्यमसन आणि फेयर यांनी 2000 साली दाखवलं की सलग 17 ते 19 तास जागं राहिल्यावर काही चाचण्यांमधली कामगिरी रक्तात 0.05 टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतकी किंवा त्याहूनही वाईट होते. आपल्या मोटार वाहन कायद्याची मर्यादा 0.03 टक्के आहे. चारला उठलेला मुलगा रात्री साडेअकराला शिफ्ट सुटते तेव्हा साडेएकोणीस तास जागा असतो. त्याला नाक्यावर कुणी अडवणार नाही, कारण तोंडाला वास येत नाही.

आता ब्रह्ममुहूर्त. परंपरेचं नाव घेता, तर निदान ती नीट वाचा. ब्रह्ममुहूर्त घड्याळावर बांधलेला नाही, सूर्योदयावर बांधलेला आहे. एक मुहूर्त 48 मिनिटांचा, आणि सूर्योदयाआधी दोन मुहूर्त राहिले की तो सुरू होतो. पुण्यात जानेवारीत सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो, म्हणजे ब्रह्ममुहूर्त लागतो साडेपाचच्या आसपास. जूनमध्येसुद्धा चारला तो लागलेला नसतो. वाग्भटाच्या अष्टांगहृदय या जुन्या आयुर्वेद ग्रंथात ब्राह्ममुहूर्तावर उठायला सांगितलंय हे खरं, पण निरोगी माणसाला. त्याच ग्रंथात पुढे झोपेचं प्रकरण आहे. सुख-दुःख, बळ-दुर्बळता, ज्ञान-अज्ञान, सगळं झोपेवर अवलंबून आहे, असं तिथं स्पष्ट म्हटलंय. सवय नसताना रात्री जागरण घडलं, तर जागरणाच्या निम्मा वेळ सकाळी काही न खाता झोपून काढावा, असाही सल्ला आहे. हे कुणी फॉरवर्ड केलेलं मी तरी पाहिलं नाही.

एडिसन झोपेबद्दल बढाया मारायचा हे खरं आहे. तो दिवसा डुलक्या घ्यायचा हेही तितकंच खरं. न्यू जर्सीत वेस्ट ऑरेंजच्या त्याच्या प्रयोगशाळेतल्या ग्रंथालयात त्यासाठी खाट ठेवलेली होती. भाच्याच्या लाईनवर खाट नाही.

कमी झोपेवर खरोखर ताजीतवानी राहणारी माणसं असतात, एवढं मान्य करते. त्यामागचा एक जनुकीय बदल 2009 साली सापडलाही. पण तो फार दुर्मिळ आहे आणि गजर लावून अंगात येत नाही.

21 दिवसांचा आकडा आला मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकी प्लास्टिक सर्जनकडून. पेशंटना नवा चेहरा आपला वाटायला निदान 21 दिवस लागतात, असं त्यानं 1960 साली लिहिलं. त्यातला ‘निदान’ पुढे गळाला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये सवय लागायला किती दिवस लागतात ते मोजलं तेव्हा मधला आकडा निघाला 66 दिवस, आणि माणसामाणसात फरक 18 पासून 254 पर्यंत. दोन-तीन कामं एकदम करण्याबद्दल वेगळं लिहायची गरज नाही. मोबाईलवर बोलत रीडिंग लिहिणाऱ्याची शीट कुणीही तपासून बघावी.

राहिला फोन. तो मुद्दा बरोबर आहे, आणि यादीत शेवटी टाकलाय याचा राग येतो. एक तास फोन बॅगेत ठेवून एकच काम केलं तर फरक पडतो. उठायची वेळ ठरावीक असावी यातही तथ्य आहे, फक्त ती शिफ्टप्रमाणे ठरवा. सेकंड शिफ्टला रात्री एकला झोपणाऱ्यानं साडेआठला उठावं. खिडकीला जाड पडदा लावावा, आणि घरच्यांनी सकाळी मिक्सर, टीव्ही थोडा उशिरा लावावा. घरात लवकर उठणारे असतात, त्यांना हे पटवणं सगळ्यात अवघड जातं. ताईला मी पटवलंय. कोर्सचे व्हिडिओ साडेनऊनंतर, चहा घेऊन, तासभर. दुपारच्या बसच्या आधी एवढा वेळ आरामात मिळतो.

सुपरवायझर साहेबांना माझी विनंती आहे: तो मेसेज लाईनच्या ग्रुपवरून काढा, आणि तिथंच लिहा की सेकंड शिफ्टवाल्यांसाठी तो नव्हता. तुमचं नाव बघून पोरं ऐकतात.