आधी लेथ की आधी जिग?

टर्नर, म्हणजे लेथवर धातू फिरवत कापणारा आमचा दोस्त, कट्ट्यावर आला तोच ड्रॉइंगची गुंडाळी नाचवत. "नोकरी सोडतोय. जुनी लेथ बघून ठेवलीय, पहिलं कामही हातात आहे. चार मिनिटांत एक नग."

वेल्डरला स्वतःची शेड टाकून तीन वर्षं झाली. अशा घोषणांना टाचणी लावायचा पहिला मान त्याचा. "चार मिनिटं म्हणजे चिप, धातूचा कीस, पडायला लागल्यापासून ना? आणि त्याआधी मशीनवर नग-हत्यार बसवायचं सेटिंग?"

"लागतो तासभर."

"कोटेशनमध्ये धरलास?"

टर्नर गप्प. मग आम्हीच हिशेब मांडला. शंभर नगांवर तो तास वाटला तर नगामागे 36 सेकंद. चालून जातं. पण नव्या माणसाला पहिल्याच दिवशी शंभर नग कोण देतो? नमुन्याला दहा देतात. दहावर तोच तास म्हणजे नगामागे सहा मिनिटं. दर लावलाय चार मिनिटांचा, वेळ जाणार दहा मिनिटांचा.

"पुढं शंभर मिळतील की!"

"मिळतील तेव्हा मिळतील. महिन्याला मशीन किती तास चालणार धरलंस?"

"25 दिवस, आठ तास. 200."

वेल्डर मोठ्यानं हसला. "आणि माल आणायला कोण जाणार? बिल कोण करणार? पैशासाठी पार्टीच्या दारात कोण बसणार? तूच ना लेका! निम्मे तास चिप पडली तरी खूप झालं." भाडं आणि हप्ता काही निम्मे होत नाहीत. सगळा बोजा 100 तासांवर येतो, म्हणजे तासाचा दर थेट दुप्पट.

अण्णा फोरमन म्हणून निवृत्त झालेले. ते उशिरा बोलतात. "काम नाही म्हणून बंद पडलेली वर्कशॉपं मी कमी बघितली. काम भरपूर असताना बंद पडलेली जास्त. माल रोख, नग द्यायला महिना, पार्टी पैसे देणार त्यापुढं दोन महिन्यांनी. नव्वद दिवस सगळं खिशातून. तेवढा खिसा आहे का तुझा?"

टर्नर आता चिडला. "मग त्या इंग्लंडच्या यंत्रकारागीर हेन्री मॉडस्लेनं काय केलं? कुलपं बनवणाऱ्या जोसेफ ब्रामाकडे पगारवाढ मागितली, मिळाली नाही, तर 1797 मध्ये थाटलंच ना स्वतःचं वर्कशॉप?"

मी टूलरूमचा फिटर. हे नाव निघालं की मला राहवत नाही. "पुढचंही सांग मग. पोर्ट्समथच्या गोदीसाठी त्यानं जहाजांच्या कप्प्या बनवायची यंत्रं केली, आराखडे मार्क ब्रुनेलचे. 110 कसबी माणसांचं काम त्यांवर 10 बिनकसबी माणसं करायला लागली. कसब हातातून यंत्रात गेलं."

"म्हणजे माझा हात मातीमोल? 25 मिलिमीटरचा बोअर, म्हणजे मधलं भोक, मापाची मुभा एच सात दर्जाची, सगळी मिळून 21 मायक्रॉन, मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. कोण काढून दाखवतो बघू!"

"तू काढशील रे. तू माल आणायला गेलास की पोऱ्यालाही काढता आला पाहिजे."

अण्णांनी मान डोलावली. त्यांच्याकडे एका पोरानं 100 मिलिमीटर व्यासाचे पोलादी शाफ्ट मशीनवरून उतरवले आणि तसेच गरम मोजले. सगळे पास. सकाळी गार झाल्यावर नापास. वीस अंशांच्या फरकानं तेवढ्या व्यासात 23 मायक्रॉन जातात. "हे मला ठाऊक होतं, त्याला नव्हतं. भिंतीवर लिहून ठेवलं नव्हतं, म्हणजे चूक माझीच."

माझं म्हणणं एवढंच होतं की लेथ थांबू दे, नोकरीत असतानाच आधी या नगाची जिग बनव, म्हणजे नग दरवेळी त्याच जागी पकडणारा साचा. नग बसवला, आवळला, झालं. सेटिंग तासावरून पंधरा मिनिटांवर आलं तर दहा नगांतही नगामागे साडेपाच मिनिटंच लागतात, आणि मोकळ्या वेळात पार्टीशी बोलता येतं. तोवर कटिंग दुसऱ्याच्या मशीनवर, जॉबवर्कनं. वेल्डरला हे पटलं नाही. "मशीन आपलं नसेल तर आपला नग कायम रांगेत शेवटी." त्यात तथ्य आहे, नाही म्हणत नाही.

टर्नरनं शेवटी गुंडाळी उलगडली. फ्लँज होता, मधे भोक असलेली गोल चकती. "बरं, जिगमध्ये हा पकडायचा कुठून?"

मी म्हटलं, बोअरवरून. वेल्डर म्हणाला, बाहेरच्या व्यासावरून. अण्णांनी चष्मा पुसला, ड्रॉइंग सरळ केलं, कारण आम्ही ते उलटं धरलं होतं, आणि विचारलं, "बोअर आधी करणार की फेस, सपाट तोंड?"

त्यावरून मग नव्यानं सुरू झालं.