पिरोजा जडवला म्हणून परंपरा बाटली का?

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. अमेरिकेतल्या प्यूब्लो या मूळ रहिवाशांपैकी एक कुंभार, टोनी दा, यांच्या पिरोजा (निळसर-हिरवा रत्नखडा) जडवलेल्या भांड्यांचं मी कौतुक केलं. त्यावर तुमचं म्हणणं असं, की टोनींच्या आजीची, मारियाबाईंची, काळी मडकी हीच खरी प्यूब्लो परंपरा. नातवाने श्रीमंत गिऱ्हाइकांसाठी त्यांचे दागिने केले. ज्यात पाणी भरता येत नाही ते मडकं कसलं?

आधी माझी चूक. काळी भांडी मारियाबाईंनी शोधून काढली असं मी लिहिलं होतं, ते चुकलंच. न्यू मेक्सिकोतल्या त्यांच्या सान इल्देफोन्सो गावात आणि शेजारच्या सांता क्लारात ती आधीपासून होत होती. मारिया आणि हुलियन मार्टिनेझ या नवराबायकोला १९१९च्या सुमारास साधलं ते निराळं: चकचकीत काळ्यावर काळीच, पण बिनचमकीची नक्षी. म्हणजे १९४० साली टोनी जन्मले तेव्हा ही ‘जुनी परंपरा’ जेमतेम वीस वर्षांची होती. आणि गिऱ्हाईक तेव्हाही होतंच. भांड्यांवर सही आली ती त्यांच्यासाठीच.

तो काळा रंग येतो कसा, बघा. चाक नाही. मातीच्या वळकट्या एकावर एक चढवत भांडं उभं करायचं, वाळलं की तासायचं. मग पातळ तांबड्या मातीचा हात द्यायचा आणि तो ओलसर आहे तोवर गुळगुळीत गोट्याने घोटत राहायचं. शेवटी गोवऱ्यांत भाजताना, ऐन धगीत, वरून लिदीचा भुगा ओतून हवा कोंडायची. धूर आत मुरतो, लाल माती काळी होते.

तीच माती मोकळ्या हवेत पुन्हा तापवली की परत लाल होते. मारियाबाईंचा मुलगा पोपोवी दा यांनी नेमकं हेच हाताशी धरलं आणि एकाच भांड्यावर काळा आणि तांबूस असे दोन्ही रंग आणले. मला या घराण्यातली ही सगळ्यात देखणी गोष्ट वाटते. आईच्याच भट्टीत दडलेला रंग मुलाने बाहेर काढला!

टोनी या पोपोवींचे चिरंजीव. हुलियन आजोबा रंगवायचे तो शिंगवाला पाण्याचा नाग नातवाने कोरला. पिरोजाही परका नाही. सांता फेजवळच्या सेरियोसच्या खाणींतून प्यूब्लो लोक तो शतकानुशतकं काढत आले.

राहिलं पाणी. मारियाबाईंची ती काळी भांडी मंद आचेवर भाजलेली असतात. त्यांतही पाणी ठरत नाही.