लवंगेल, लोणचं आणि भाचेबुवा

मे संपत आला की बेळगावात घरोघरी कैऱ्या फुटतात आणि त्याचबरोबर ठराव पास होतो: यंदा लोणच्यात ‘केमिकल’ घालायचं नाही. ठराव मांडणारे बहुधा कॉलेजात जाणारे भाचेबुवा असतात. फोडी चिरायला ते नसतात. त्यांच्या फोनवर आलेलं असतं की लवंगेचं तेल जंतू मारतं. तेव्हा लोणचं टिकवायला घालतात ती बेंझोएटची पुडी फेका आणि चार थेंब लवंगेल सोडा.

पंचाईत अशी की यातलं पहिलं वाक्य खरं आहे. लवंगेच्या तेलात युजेनॉल असतं, ओव्याच्या तेलात थायमॉल. दोन्ही जंतूच्या पेशीचं आवरण ढिलं करतात, आतला माल बाहेर गळतो आणि जंतू खलास. पण हे परीक्षानळीतल्या पातळ द्रावात. तिथं हजारात एक भाग, म्हणजे लिटरला साधारण 20 थेंब, बऱ्याच जंतूंना पुरतात. तेच कुंद्यात, आपल्या खव्याच्या मिठाईत, घालून बघा! ही तेलं पाण्यात नीट विरघळत नाहीत, खव्यातल्या तुपात जाऊन दडतात. जंतू बसलेले असतात ओलाव्यात. मग मात्रा दहापट, कधी त्याहूनही वर न्यावी लागते. दहापट म्हणजे किलोला 10 मिली. दाढेसाठी औषधाच्या दुकानात मिळते ती 2 मिलीची बाटली, तशा पाच!

लोणचं तर तेलातच बुडालेलं. त्यात एवढं लवंगेल ओतलं की सासूबाई फोड जिभेवर ठेवून विचारणार, “लोणचं हाय की दाढ काढायची तयारी?” वर युजेनॉलनं जीभ बधिर होते, त्यामुळे मीठ कमी पडलं की जास्त, हे घरात कुणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही. आणि चारच थेंब घातले तर? जंतूंना वास येतो, एवढंच.

पुडीवालेही काही कमी नाहीत. लोणच्यात बेंझोइक आम्लाची (बेंझोएट हा त्याचाच क्षार) मर्यादा किलोला 250 मिलिग्रॅम, म्हणजे पाव ग्रॅम. घरात त्यातलं ‘पाव’ तेवढं लक्षात राहतं आणि पडतो पाव चमचा, जो ग्रॅमच्या आसपास भरतो.

मला विचाराल तर वनस्पतीचं जंतुनाशक तेल आपल्या बरणीत आधीपासून आहे, मोहरीत. फक्त दाण्यात ते तयार नसतं. मोहरीची डाळ कुटून पाण्यात फेसली की तिच्यातलं विकर (एन्झाइम) कामाला लागतं आणि नाकात झिणझिण्या आणणारं ते तेल तयार होतं. बुरशीला ते अजिबात सोसत नाही. आपण काय करतो? कोरड्या मोहरीवर कडकडीत फोडणी ओततो. विकर जागच्या जागी मरतं आणि मोहरी उरते शोभेला.

तेव्हा किलोभर फोडींना 60 ग्रॅम डाळ घ्या, उकळून गार केलेलं चार-पाच चमचे पाणी घालून डोळ्यांना धार लागेपर्यंत फेसा. मीठ 200 ग्रॅम. इथं डॉक्टरांचा सल्ला आठवू नका, हवं तर लोणचं कमी खा. फोडणी पूर्ण गार करूनच ओता, तेल फोडींच्या वर बोटभर हवं. मोहरीचा झणका हळूहळू उतरतो. पुढची राखण मीठ, आंबटपणा आणि वरचं तेल करतं. तेलाबाहेर डोकं काढलेल्या फोडीवरच पहिली बुरशी धरते, आणि खानापूरकडचा पाऊस सुरू झाला की ओला चमचा उरलेलं काम पुरं करतो.

लसणाच्या बाबतीत मात्र चेष्टा नको. लसूण आंबट नाही आणि वर तेल म्हणजे हवा बंद. बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेच्या जंतूला अशीच जागा लागते, आणि त्याचं विष वासानं वा रंगानं कळेलच असं नाही. थेंबभर लवंगेलावर तिथं भरवसा ठेवू नये. नुसत्या तेलातला लसूण थोडाच करावा, फ्रिजात ठेवावा आणि तीन-चार दिवसांत भाकरीबरोबर संपवावा. घरात भाचेबुवा मुक्कामाला असतील तर तेवढेही दिवस लागत नाहीत.