लग्न खरं आहे हे सिद्ध करा म्हणे!

स्पाउस व्हिसा, म्हणजे परदेशातल्या नवऱ्याकडे किंवा बायकोकडे राहायला जायचा व्हिसा, आणि त्यासाठी लग्न नुसतं व्हिसापुरतं नाही, खरं आहे, हे कागदांनी दाखवावं लागतं. त्याची फाइल जमवायला बसलेल्या कुणाशीही बोला, पहिला प्रश्न ठरलेला, "फोटो किती लावू?" माझं उत्तर पण ठरलेलं आहे, फोटो थोडेच बास, आधी दोघांची बँक स्टेटमेंट काढा. लोकांना हे फार रुक्ष वाटतं, वाटू दे. माझी स्वतःची फाइल झाली, नंतर मित्रमैत्रिणींच्या बऱ्याच फायली नजरेखालून गेल्या, मी वकील वगैरे नाही हे आधीच सांगते, पण एक मत आता पक्कं झालंय की लोक प्रेमाचे पुरावे पुरवत बसतात आणि व्हिसा ऑफिसर बिचारा संसाराचे शोधत असतो.

लग्नाचा अल्बम घ्या ना. फोटोत सगळीच लग्नं खरी दिसतात, खोटी तर जरा जास्तच, कारण तिथे अल्बम काढणं हेच मुख्य काम असतं! अल्बममधून एवढंच कळतं की एका दिवशी तुम्ही दोघं नटूनथटून एका ठिकाणी होतात. त्यानंतर काय झालं? खरा प्रश्न तो आहे. म्हणून फोटो लावाच, पण वेगवेगळ्या वर्षांतले, वेगवेगळ्या कपड्यांतले, घरच्यांसोबतचे, आणि प्रत्येकाखाली एक ओळ, कधी, कुठे, सोबत कोण. नुसते सेल्फी चिकटवून दिले की बघणाऱ्याला त्यातून काही कळत नाही.

चॅटचं तर विचारूच नका. एका मैत्रिणीने अख्खं व्हॉट्सअ‍ॅप एक्सपोर्ट करून प्रिंट काढलं होतं, शेकडो पानं, त्यात निम्मे गुड मॉर्निंग आणि बाकी बदाम. कोण वाचणारे ते? आम्ही दोघी बसलो आणि त्यातून मोजकी पानं काढली, दर महिन्यातली थोडी थोडी, म्हणजे बोलणं सलग चालू आहे हे दिसावं. त्यातलं मला सगळ्यात आवडलेलं पान सांगते. नवरा विचारतोय, "घरमालकाने डिपॉझिट दिलं का?" ही म्हणते, "अर्धं दिलं, बाकीचं पुढच्या महिन्यात म्हणतोय." "लेखी घे." "घेतलंय, मेल बघ जरा, सगळं मीच करायचं का." बस्स! असलं भांडण कुणी व्हिसासाठी रचत नाही. मी तिला म्हटलं हे पान सगळ्यात वर ठेव. ती लाजली, म्हणाली यात मी किती खडूस वाटते. अगं वाटू दे की!

आता नियमांकडे येऊ, कारण इथेही लोक ऐकीव माहितीवर चालतात. प्रत्येक देशाची भाषा वेगळी आहे पण शोध एकाच गोष्टीचा चालतो. ऑस्ट्रेलियाने ते सगळ्यात सुटसुटीत मांडलंय असं माझं मत आहे, त्यांच्या १९९४ च्या मायग्रेशन रेग्युलेशन्समध्ये चार बाजू सरळ लिहिल्यात: पैशाचे व्यवहार, घर कसं चालतं, लोकांत तुम्ही जोडपं म्हणून ओळखले जाता का, आणि एकमेकांशी बांधिलकी किती. तुम्ही कुठल्याही देशासाठी अर्ज करत असा, या चार कप्प्यांत आपले कागद टाकून बघा, कुठला कप्पा रिकामा राहतो ते लगेच दिसतं. बहुतेकांचा पैशाचाच राहतो. जॉइंट अकाउंट नसेल तर एकमेकांना पाठवलेले पैसे दाखवा, विम्यात किंवा पीएफमध्ये नॉमिनी म्हणून जोडीदाराचं नाव असेल तर तो कागद लावा. आणि कृपा करून अर्जाच्या आदल्या आठवड्यात जॉइंट अकाउंट उघडून त्यात एकच रक्कम टाकून ठेवू नका, ते कशासाठी उघडलंय हे लहान पोरालाही कळेल.

आता माझा खरा राग कशावर आहे ते. एकत्र राहायला मिळावं म्हणून व्हिसा मागायचा, आणि पुरावा काय तर एकत्र राहिल्याचा! अरे राहता आलं असतं तर अर्ज कशाला केला असता? दूर राहणारी जोडपी इथेच घाबरतात आणि मग दुरावा लपवायला बघतात, दोन भेटींच्या मधला मोठा काळ गाळून टाकतात. पण कायदा खरंतर इतका आडमुठा नाहीये. ऑस्ट्रेलियाच्या कायद्यात एकत्र राहणं किंवा निदान कायमचं वेगळं राहत नसणं, एवढीच अट आहे. ब्रिटनमध्ये लग्न खरं आणि चालू असलं पाहिजे, आणि पुढे तिथे कायम एकत्र राहायचा इरादा पाहिजे. इरादा! म्हणजे पुढचं बघतात. मग पुढचं दाखवा ना. तिथे घर कुठलं घेणार, नोकरीचं काय, इथली नोकरी कधी सोडणार, याबद्दलचे तुमचे मेल, मेसेज असतीलच की. आणि मधे भेट का झाली नाही ते कव्हर लेटरमध्ये सरळ लिहा, रजा नव्हती, तिकिटाला पैसे नव्हते, घरात आजारपण होतं, जे असेल ते, शक्य असेल तर कागदासकट. न सांगितलेल्या गॅपवर ऑफिसर स्वतःच्या मनाने काहीही कथा रचू शकतो, म्हणून ती आपण सांगितलेली बरी.

ठरवून झालेल्या लग्नांना याचा जरा जास्त चटका बसतो. पटकन ठरलं, पटकन झालं, आधीचे चॅट नाहीत, एकत्र फिरलेले फोटो नाहीत. ब्रिटनमध्ये एकेकाळी नियमच असा होता की लग्नाचा मुख्य हेतू तिथे शिरकाव मिळवणं हा नव्हता हे अर्जदाराने पटवून द्यायचं. आता नसलेली गोष्ट कशी सिद्ध करणार माणूस? भारतीय उपखंडातल्या किती जोडप्यांना त्याने रडवलं, शेवटी १९९७ मध्ये सरकार बदललं तेव्हा तो काढला. कॅनडात अजून दोन्ही बाजूंनी बघतात, लग्न खरं नसेल तरी नकार आणि ते मुख्यतः इमिग्रेशनसाठी केलं असं वाटलं तरी नकार. त्यांच्या आयएमएम ५५३२ फॉर्मवर ओळख कशी झाली, कुणी करून दिली, लग्नाला कोण कोण होतं, घरच्यांना माहीत आहे का, असं सगळं विचारतात. तिथे सिनेमातली स्टोरी लिहायची गरज नाही. काकांनी स्थळ सुचवलं, दोन्ही घरच्यांचं बोलणं झालं, मग आम्ही फोनवर बोलायला लागलो, हे असंच्या असं लिहा. खऱ्या गोष्टीला लाजून लव्हस्टोरी रंगवलेली मी पाहिलीय आणि ती वाचतानाच कळते.

हे जोडपं खरं आहे म्हणून ओळखीच्या लोकांनी लिहून दिलेली पत्रं हा अजून एक विनोदी प्रकार. ऑस्ट्रेलियात त्यासाठी फॉर्म ८८८ आहे, बाकी ठिकाणी साधं पत्र किंवा अ‍ॅफिडेव्हिट चालतं. पाच जणांची पत्रं आणि पाचही एकाच माणसाने टाइप केलेली, "हे अत्यंत प्रेमळ जोडपं आहे." अहो कशावरून? पत्र लिहिणाऱ्याने स्वतः काय पाहिलं ते लिहावं, "ती बाळंतपणाला इथे होती तेव्हा हा रोज रात्री कॉल करायचा, माझ्याच घरातून बोलायचे." एवढं एक वाक्य विशेषणांच्या ढिगापेक्षा भारी.

अमेरिकेचं गणित थोडं वेगळं आहे. तिथे पोचताना लग्नाला दोन वर्षं झालेली नसतील तर ग्रीन कार्ड सशर्त, दोनच वर्षांचं मिळतं, हा १९८६ च्या कायद्याचा परिणाम, आणि ते संपायच्या आधीच्या ९० दिवसांत पुन्हा दोघांनी मिळून अर्ज करायचा, पुन्हा पुरावे. खोटं लग्न निघालं तर पाच वर्षांपर्यंत तुरुंग आणि अडीच लाख डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो, त्यामुळे ऑफिसर खोदून विचारतात त्यात नवल नाही. इंटरव्ह्यूला जाताना उत्तरं पाठ मात्र करू नका, फक्त आपल्याच फॉर्ममध्ये आपण काय तारखा टाकल्यात त्या दोघांनी एकदा वाचून जा. नवरा साखरपुड्याची तारीख चुकतो, यात कुणाला धक्का बसत नाही. पण फॉर्मवर एक, पत्रात दुसरी आणि फोटोखाली तिसरी असेल तर मग प्रश्न येणारच.

आणि हो, ब्रिटनवाल्यांसाठी, हे सगळं जमलं तरी पगाराची अट वेगळी उभी आहेच, एप्रिल २०२४ पासून १८,६०० वरून थेट २९,००० पाउंड केलीय. सेव्हिंग्ज दाखवायचा मार्ग आहे, पण लग्न खरं असण्याशी याचा काय संबंध ते मला आजतागायत कळलेलं नाही. असो, त्यावर लिहायला बसले तर वेगळी पोस्ट होईल.

भाषांतराचं तेवढं सांभाळा. मराठी सर्टिफिकेट, मराठी चॅट जे काही लावाल त्याचं इंग्रजी भाषांतर पाहिजे, ब्रिटनला त्यावर भाषांतर बरोबर असल्याचं लिहून भाषांतरकाराचं नाव, सही, तारीख, संपर्क सगळं लागतं. त्याचे पैसे पानागणिक जातात हे लक्षात आलं की चॅटची शेकडो पानं आपोआप कमी होतात, हा अनुभव आहे!

व्हिसा आला की लोक फाइल माळ्यावर टाकतात, ते करू नका. ब्रिटनचा पहिला व्हिसा ३३ महिन्यांचा असतो, मग एक्स्टेन्शन, तेव्हा एकत्र राहिल्याचे कागद मागतात. त्यामुळे तिथे पोचल्यावर लाइट बिल, भाड्याचं अ‍ॅग्रीमेंट, बँक, डॉक्टर, जिथे जिथे दोघांची नावं टाकता येतील तिथे पहिल्या महिन्यातच टाकून घ्या आणि आलेली पत्रं फेकू नका, पाकीट फोडून तारखेप्रमाणे लावत जा. माझ्या नवऱ्याला अजूनही पत्रं फोडायचा कंटाळा येतो, ते खातं माझ्याकडेच आहे.