‘आतडं जास्त कापलं का?’ या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार. एक तारा देऊन तुम्ही जे लिहिलंय ते आम्ही नीट वाचलं. दीड वर्षापूर्वी ताईंचा मिनी गॅस्ट्रिक बायपास (वजन उतरवण्याचं ऑपरेशन) झाला, वजन ४६ किलो उतरलं, शुगरच्या गोळ्या सुटल्या. पण आता केस विरळ झालेत, पाय सुजतात, दिवसातून सात-आठ वेळा पातळ होतं, आणि वर्षभरात आमच्याकडून एकही फोन आला नाही. गोळ्या-पावडर हा आमचा धंदा आहे, असंही तुमचं म्हणणं आहे. ताईंची फाइल इथे चारचौघांत उघडता येत नाही, म्हणून तुम्ही लिहिलंय तेवढ्यावरच बोलतो.

आधी तातडीचं. सूज आणि इतके जुलाब एकत्र असताना अपॉइंटमेंटची वाट पाहू नका, उद्याच या. सूज उतरायला लघवीची गोळी चालू आहे, असं तुम्ही लिहिलंय. या ऑपरेशननंतर पाय सुजले की पहिला संशय रक्तातल्या अल्ब्युमिनचा घ्यायचा. हे प्रथिन पाणी रक्तवाहिन्यांत धरून ठेवतं. ते डेसिलिटरला ३.५ ग्रॅमच्या बरंच खाली गेलं की पाणी पायांत उतरतं. लघवीच्या गोळीने पाय बारीक दिसतील, पण कारण तसंच राहील, आणि जुलाबात आधीच कमी झालेलं पोटॅशियम आणखी घटेल. गोळी मनाने बंद करू नका. ती लिहून देणाऱ्या डॉक्टरांना बायपास झाल्याचं सांगा आणि अल्ब्युमिन, पोटॅशियम, मॅग्नेशियम तपासून घ्या.

उलट्या होत असतील आणि त्यातच चालताना तोल जात असेल, एकाचे दोन दिसत असतील किंवा बोलण्यात गोंधळ वाटत असेल, तर जवळच्या कॅज्युअल्टीत जा. तिथे स्पष्ट सांगा की ग्लुकोजच्या सलाइनआधी बी-१चं इंजेक्शन द्या. शरीरातलं थायमिन, म्हणजे हेच बी-१, संपलेलं असताना नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते.

आता आतड्याबद्दल. या ऑपरेशनमध्ये आतडं कापून टाकत नाहीत. जठराची लांबट, अरुंद पिशवी करतात आणि लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग मोजून सोडून पुढचा वेढा वर आणून तिला जोडतात. सोडलेल्या भागातून फक्त पित्त आणि स्वादुपिंडाचा रस वाहतो. अन्न आणि हे रस जोडापाशी भेटतात. खरं पचन आणि शोषण तिथून पुढे. म्हणजे किती सोडलं याच्याइतकंच किती उरलं हे महत्त्वाचं. कुणाचं लहान आतडं चार मीटर असतं, कुणाचं आठ. दोघांचंही २०० सेंटिमीटर सोडलं तर एकाला दोन मीटर उरतं आणि दुसऱ्याला सहा. त्या पहिल्या माणसाला प्रथिनं कमी पडणार, हे जवळजवळ ठरलेलंच. आम्ही १५० ते २०० सेंटिमीटरच्या पुढे जात नाही. पण खालचं उरलेलं आतडं आम्ही पूर्वी प्रत्येकाचं मोजत नव्हतो. ती उणीव होती. आता जोड घेण्याआधी खाली किमान तीन मीटर आहे ना, हे मोजून नोटमध्ये लिहितो. ताईंच्या ऑपरेशन नोटची प्रत मागा. तो त्यांचा हक्क आहे.

शोषण कमी करणाऱ्या शस्त्रक्रियांचा हा पेच जुना आहे. १९५०च्या दशकात सुरू झालेला जेजुनो-इलियल बायपास (लहान आतड्याचा बहुतेक भाग वगळणारं ऑपरेशन) यकृत निकामी होणं आणि मूतखडे यांमुळे सोडून द्यावा लागला. पुढे इटलीत स्कोपिनारो यांनी बिलिओपॅन्क्रिएटिक डायव्हर्जन आणलं. त्यात अन्न आणि रस एकत्र येतात तो भाग फक्त ५० सेंटिमीटरचा. रोममध्ये ६० मधुमेही रुग्णांच्या चाचणीत १० वर्षांनी या शस्त्रक्रियेच्या गटातल्या ५० टक्के जणांचा मधुमेह गेलेला होता, साध्या, म्हणजे रू-एन-वाय या प्रचलित बायपासच्या गटात २५ टक्के. गंभीर दुष्परिणामही पहिल्या गटातच जास्त. मिनी बायपासचं तेच. फ्रान्समधल्या चाचणीत २०० सेंटिमीटर सोडलेल्या गटाचं वजन साध्या बायपासइतकंच उतरलं, पण कुपोषणाच्या नऊ गंभीर घटना फक्त त्याच गटात झाल्या. हे ऑपरेशनआधी, मराठीत, या शब्दांत सांगायला हवं होतं. आमच्या इंग्रजी संमतिपत्रात ‘पोषणमूल्यांची कमतरता’ एवढीच ओळ होती. त्याबद्दल आम्ही माफी मागतो.

तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस गळणं नेहमीचं, ते परत येतात. दीड वर्षाने, सूज असताना गळणं वेगळं. तिथे प्रथिनं, लोह आणि झिंक पाहावं लागतं. शौच तेलकट, तरंगणारं, उग्र वासाचं असेल तर चरबी पचत नाहीये. तळलेलं आणि वरून घेतलेलं तूप-तेल कमी करायचं. गरज पडल्यास स्वादुपिंडाच्या एन्झाइमच्या कॅप्सूल जेवणासोबत देतात. पोट फुगून घाण वास येत असेल तर वगळलेल्या वेढ्यात जंतू वाढलेले असू शकतात, त्याला अँटिबायोटिकचा कोर्स लागतो. न पचलेली चरबी कॅल्शियमला धरून ठेवते, मग अन्नातलं ऑक्झलेट मोकळं राहून शोषलं जातं आणि मूतखडे होतात. म्हणून पालक बेताने आणि पाणी दोन-अडीच लिटर.

गोळ्या मात्र आयुष्यभर लागणारच, त्यात सूट नाही. त्या आमच्याकडूनच घ्यायला हव्यात असं मुळीच नाही. कॅल्शियम सायट्रेटच घ्या, कारण कार्बोनेटला आम्ल लागतं आणि छोट्या पिशवीत ते पुरेसं नसतं. दिवसाला १२०० ते १५०० मिलिग्रॅम, ५००-६००चे भाग करून. पाळी चालू असलेल्या बाईला लोह ४५ ते ६० मिलिग्रॅम, कॅल्शियमपासून दोन तास दूर आणि चहासोबत कधीच नाही. बी-१२, डी-३ आणि अ जीवनसत्त्वाचे डोस रिपोर्ट पाहून ठरतील. संध्याकाळी अंधुक दिसत असेल तर ते आधी सांगा, अ जीवनसत्त्व कमी पडल्याची ती खूण असू शकते. मिश्री किंवा तंबाखू असेल तर बंद. जोडावर अल्सर होतो. दुखण्यावर आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकही नको.

घरात शाकाहार आहे, असं तुम्ही लिहिलंय. रोज किमान ६० ग्रॅम प्रथिनं हवीत, आणि नुसत्या वरण-भाताने ती होत नाहीत: वाटीभर वरणात पाच-सहा ग्रॅमच असतात. १०० ग्रॅम पनीर म्हणजे साधारण १८, दोन पेले दूध १३, ३० ग्रॅम सुकं सोयाबीन वडी १५, दोन वाट्या घट्ट वरण ११. बेरीज ५७. उरलेलं दह्यातून येईल. पोट लहान आहे, म्हणून पाच-सहा वेळा, आणि ताटात आधी प्रथिनं, भात-पोळी शेवटी. उपासाच्या साबुदाण्यात प्रथिनं जवळपास नसतातच. सूज उतरेपर्यंत उपास नकोतच.

एवढं करूनही अल्ब्युमिन वर आलं नाही तर दाखल करून शिरेतून पोषण द्यावं लागतं, आणि तरीही नाही जमलं तर जोड बदलून आतडं परत मार्गात घेता येतं. पण आधी अंगात ताकद आणावी लागते, कुपोषित शरीरावर जोड नीट भरत नाही.

फोनचं तुमचं म्हणणं खरं आहे. सहाव्या महिन्यानंतर आम्ही रुग्ण येण्याची वाट पाहत बसलो. आता ३, ६, ९, १२, १८ आणि २४ महिन्यांना, पुढे दरवर्षी, फोन जातो आणि रक्ततपासणीची यादी व्हॉट्सॲपवर मिळते.

ताईंना सकाळी उपाशीपोटी आणा, चालू गोळ्यांची सगळी पाकिटं आणि लघवीच्या गोळीची चिठ्ठी बरोबर घ्या. तपासणी फी लागणार नाही.